बर्फात "आहेस?" विचारणारा इगू

इगू आज वसईला गेला. कार्गोमधून.

एअरपोर्टवरून परत आले. गाडी पार्क केली, येताना भाजी घेतली होती ती निवडली, कुकर लावला.

मला काहीच होत नाहीये. हे लिहितानासुद्धा नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इगू म्हणजे इग्नेशियस. वसईचा. इथे बहरीनमध्ये हॉस्पिटलात फिजिओ. ॲडव्हेंचर रेसिंगमधला माझा पार्टनर. धावायचं, सायकल मारायची, कयाक वल्हवायची, आणि हे सगळं हातात नकाशा घेऊन. त्याची बायको फिलू ही आधी माझी मैत्रीण. तिने एक दिवस त्याला माझ्या गळ्यात मारला. "घेऊन जा गं याला, घरात बसून डोकं खातो."

मंगळवारी सकाळी घरीच गेला. पळायला निघाला होता, बूट घालत होता. हार्ट.

आणि कृपा करून "एवढा फिट माणूस कसा काय" हे मला कोणी विचारू नका. मंगळवारपासून तेच ऐकतेय. मला माहीत नाही. फिट माणसंही मरतात.

रेसमध्ये तो पुढे, मी मागे. मान न वळवता ओरडायचा, "आहेस?"

मी म्हणायचे, "आहे."

मगच त्याचं पुढचं पाऊल. पार्टनरने हाकेच्या अंतरावर राहायचं हा नियमच असतो. पण नियम सगळेच पाळतात, जीव खाणारा हा एकटाच.

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात किडा शिरला. स्की ओरिएंटीअरिंग. म्हणजे पायात स्की, छातीवर नकाशाचा बोर्ड, आणि बर्फाच्या जंगलात एकेक कंट्रोल, म्हणजे नकाशावर खूण केलेला झेंडा, शोधत सुटायचं.

मी म्हटलं, "इगू, आपण बहरीनमध्ये राहतो."

"मग? बर्फ म्हणजे पांढरी वाळूच ना!"

झल्लाकच्या रस्त्यावर आम्ही चाकांच्या स्कीवर प्रॅक्टिस करायचो. एकदा एक बहरीनी काका पिकअप थांबवून खाली उतरले. आमच्या पायांकडे बघून काळजीने म्हणाले, "सदीक, सैकल खराब?"

इगू म्हणाला, "मफी सैकल, बाबा. हादा स्नो." सायकल नाही, हा बर्फ आहे म्हणून.

काकांनी वर निळ्याशार आभाळाकडे बघितलं. "इंशाल्ला," म्हणाले आणि गेले.

तर आम्ही फिनलंडला गेलो.

या खेळात नकाशावर हिरव्या रेषा असतात. त्या म्हणजे बर्फात पाडलेले ट्रॅक. शहाणी माणसं ट्रॅकवरून जातात, लांब पडलं तरी.

आम्ही वाळवंटातले. आमचं सगळं शिक्षण इथल्या साखीरच्या वाळूत झालेलं. पाइपलाइन ओलांडा, कुंपण टाळा, बाकी नाकासमोर. सरळ जाणारा जिंकतो.

ट्रॅक भलामोठा वळसा घेऊन जात होता आणि कंट्रोल समोर झाडांमागे, नकाशावर अगदी जवळ दिसत होता. दोघंही एकदम म्हणालो, "सरळ!"

थोडं पुढे गेलो आणि मी कमरेपर्यंत आत. एक स्की कुठेतरी खाली आडवी अडकलेली. आमच्या आईच्या वयाची एक बाई वळशावरून सुर्रकन आली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि कंट्रोल गाठून निघूनही गेली.

इगू धडपडत पलीकडच्या ट्रॅकवर पोचला होता. झाडांमुळे मला दिसत नव्हता. त्याचा आवाज मात्र आला, कापसातून यावा तसा. "आहेस?"

मी म्हटलं, "आहे!"

परत आवाज आला. "मेधा, आहेस?"

मी ओरडले, "आहे रे!" माझा आवाज माझ्या तोंडापुढेच संपत होता. ताजा बर्फ आवाज खातो, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

मग बघते तर हा उलटा येतोय. स्की काढून हातात धरलेल्या, कमरेएवढ्या बर्फातून, घामाघूम, दर पावलाला आत जात.

मी म्हटलं, "अरे वेड्या, परत कशाला आलास?"

"उत्तर नाही आलं ना."

शेजारी बसला, धापा टाकत. मग म्हणाला, "खलास. आता इथेच राहायचं. व्हिसा किती दिवसांचा आहे गं?"

आम्ही शेवटून पहिले आलो. माझ्या सगळ्या मेडल्सपेक्षा मला तीच रेस आवडते.

आज फिलूला एअरपोर्टला मीच सोडलं. ती त्याच विमानाने गेली. वर ती, खाली तो.

मंगळवारपासून तीही रडली नव्हती. एअरपोर्टकडे जाताना पुलावर एकदम म्हणाली, "मेधा, एक विचारू? मी खोबरं वाटत होते. त्याने हॉलमधून विचारलं, फिलू, आहेस? घरीसुद्धा सारखं तेच असायचं त्याचं. मी म्हटलं, आहे रे. पण मिक्सर चालू होता गं. बाहेर आले तर..."

मी रस्त्याकडे बघत होते.

"त्याला ऐकू गेलं असेल का गं?"

"गेलं," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कुठे होता तो?"

"सोफ्यावरच. एक बूट घातलेला."

"उठला नव्हता ना? मग गेलं ऐकू. उत्तर नाही आलं की इगू उठून बघायला येतो. कमरेएवढ्या बर्फातून येतो. मला माहितीये."

फिलू रडायला लागली. मोठ्याने, तोंडावर पदर दाबून. मी एका हाताने तिचा हात धरला आणि दुसऱ्याने गाडी चालवत राहिले.

त्याला उठता येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी ऑडिटर आहे. पुराव्याशिवाय सही करत नाही. आज केली.

मोठमोठे शब्द मला आत्ता सुचत नाहीत. उद्या वसईत माती आहे. तिकडे जे असाल ते जा, फिलूजवळ थांबा.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. गॅस बंद केला. घर अगदी गप्प आहे.

इगू, आहे रे मी.

तू जा पुढे.