शेव खाणाऱ्या चिमण्या

जिन्यावर पाऊल वाजलं की वरच्या मजल्यावरचे सर ओठांवर बोट ठेवून दारात यायचे. "श्श! जरा रुका. बुलबुल जेवतो आहे." मग दूधवाला असो की खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला माणूस, बुलबुलाचं जेवण होईपर्यंत त्याला जिन्यातच उभं राहावं लागे.

तुमच्या शेजारी असा कोणी असेल, तर माझं दुःख तुम्हाला कळेल. निवृत्त झाल्यावर सर उज्जैनच्या नानाखेड्याला आमच्या कॉलनीत राहायला आले. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेलं, आता घरात एकटेच. त्यांनी तेलाच्या रिकाम्या कॅनला दोन खिडक्या कापल्या, तो तारेनं बाल्कनीला टांगला आणि शेजारी पाण्याचा मातीचा सकोरा ठेवला. आठ दिवसांत चिमण्या, साळुंक्या, बुलबुल सगळे हजर. बाल्कनीच्या खाली नेमकं माझं अंगण. तिथे माझे पापड वाळत, चादरी वाळत. पुढचं सांगायला नको.

मी तोंड सोडलं की सर बादली आणि झाडू घेऊन खाली येत. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. मेहमान आहेत बिचारे. पाच मिनिटांत साफ करून देतो." आणि खरंच करून देत. भांडायचा हुरूपच जायचा.

उज्जैनमध्ये पोह्यांवर शेव पडली नाही, तर नाश्ता झाला असं कोणी मानत नाही. सरांनी पाखरांनाही तोच नियम लावला. रोज सकाळी आपल्या बशीतले पोहे आणि वर मूठभर शेव कॅनमध्ये घालायचे. "एकट्याला खाल्लं जात नाही हो," म्हणायचे. चिमण्या शेव चोचीत आडवी धरून तारेवर बसत. रागात असले तरी मी ते बघत असे.

एका उन्हाळ्यात माझ्या नव्या चादरीचं पार वाटोळं झालं. माझी मुलगी भोपाळला जनावरांची डॉक्टर आहे. तिच्याकडे फोनवर कुरकुर करताना शेवेचा विषय निघाला. ती म्हणाली, "आई, मीठ पाखरांना बाधतं. शेव बंद करायला सांग. बाजरी, तांदळाची कणी ठेवली तर काही हरकत नाही."

मी तरातरा वर गेले आणि त्यातलं पहिलंच वाक्य सांगितलं. "मीठ बाधतं त्यांना. मरतात." 'मरतात' ही माझी भर.

सर हातातल्या बशीसकट खाली बसले. "वहिनी, मी तर दोन वर्षं खिलवतो आहे. म्हणजे किती..." गणिताचा माणूस, पण पुढचा आकडा त्यांना बोलवेना.

संध्याकाळी कॅन उतरला, खिडकी बंद झाली. माझं अंगण लख्ख राहू लागलं. चिमण्या मात्र सकाळी तारेवर येऊन बसायच्या आणि बंद खिडकीकडे बघायच्या. चार दिवस मी ते पाहिलं. मला माझीच लाज वाटली. पाचव्या दिवशी टावर चौकातून बाजरी आणली, वर गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवीतली मूठभर बाजरी तळहातावर घेऊन पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, जरा स्टूल धरता का?"

कॅन पुन्हा चढला. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःही शेव सोडली. मी हसले, तर म्हणाले, "त्यांच्यासमोर कशी खाणार?" पण एखादी चिमणी दोन दिवस दिसली नाही की त्यांचा चेहरा उतरे. "माझ्यामुळे तर नाही ना?" मुलीनं फोनवर परोपरीनं समजावलं, तरी ती टोचणी गेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर सरांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गुडघ्यांना जिना झेपेना. कॅन आता माझ्या अंगणात आहे आणि पापड मी गच्चीवर नेले आहेत.

चैत्रात विजेच्या मीटरच्या पेटीमागे चिमणीनं घरटं केलं. एका सकाळी आतून चिवचिव ऐकू आली. मी फटीतून डोकावून मोजलं आणि लगेच पुण्याला फोन लावला. "सर, पिल्लं झाली. तीन."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "ठीक आहेत ना, वहिनी? तिन्ही?"

चिमणी चोचीत अळी घेऊन नुकतीच आली होती. मी फोन पेटीशी नेला. पिल्लांनी एवढा गिल्ला केला, की पलीकडे सर मुलाला हाका मारत असलेले मला हातभर अंतरावरून ऐकू आले, "अरे, इकडे ये! ऐक, ऐक!"