नारळ माझ्या हातात होता

उदगीरला जायचं ठरलं ते निव्वळ माझ्या हावरटपणामुळे. आमच्या शाळेतल्या संगीताबाई डबा खाताना सहज बोलून गेल्या, की त्यांच्या माहेरी, उदगीरच्या पुढे कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावात, जत्रेला एडक्यांच्या टकरी लागतात. माझ्या ब्लॉगवर किल्ले, लेणी, घाट सगळं लिहून झालं होतं. टकरींवर कुणी लिहिलेलं नव्हतं. या खेळाला कायद्यानं बंदी आहे हे मला ठाऊक होतं. मी नागरिकशास्त्र शिकवते. तरीही मी त्यांना शब्द दिला, की गावाचं नाव छापणार नाही, फक्त मला घेऊन चला.

शनिवारी सकाळी सहाला माझ्या गाडीतून आम्ही दोघींनी नांदेड सोडलं. लोह्याला थांबून सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देतात, वर शेव आणि कच्चा कांदा. पोटभर होते आणि फार महाग नाही. पुढे अहमदपूर, मग शिरूर ताजबंदला उदगीरचा फाटा. रस्ता बरा आहे, मधले दोन-तीन तुकडे मात्र कंबरेचा काटा ढिला करतात. संगीताबाई उदगीरहून जीपनं माहेरी गेल्या. मी किल्ल्यासाठी मागे राहिले, सातशेची खोली घेतली. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळतं, आधी विचारून घ्या. किल्ल्याला पूर्ण दिवस द्यायला हवा. मी दोन तासांत उरकला, कारण डोक्यात टकरी होत्या.

रविवारी गावात पोचले. संगीताबाईंचा धाकटा भाऊ माणिक आणि त्याची बायको शोभा यांच्या अंगणात त्यांचा एडका राजा बांधलेला होता. वळलेली शिंगं, कपाळावर गुलाल, गळ्यात मण्यांची माळ. शोभा त्याला हातानं भिजवलेले हरभरे चारत होती. त्याची आई मेली तेव्हा तो एवढासा होता, मीच बाटलीनं दूध पाजलं, असं ती सांगत होती. बोलता बोलता त्यानं तिच्या गुडघ्याला डोकं लावलं. तो फोटो फार सुंदर आलाय. दुपारी जेवायला मटण होतं आणि मी ते बोटं चाटत खाल्लं. म्हणजे मी काही सोवळ्यातली नाही, हे आधीच सांगून टाकते.

संगीताबाई मैदानावर आल्या नाहीत. लहानपणी एकदा पाहिलं, तेवढं पुरे झालं, म्हणाल्या. मला तो फाजील हळवेपणा वाटला. पडीक रानात दोनशेक माणसं जमली होती, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी. बायकांत फक्त मी आणि शोभा. माणिकनं मला प्लास्टिकची खुर्ची दिली, पंचांनी फेटा बांधला. मॅडम नांदेडहून आल्यात, असं माईकवरून दोनदा पुकारलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पंच एडक्यांचे ओठ वर करून दात मोजतात. चार दातीशी चार दातीच लावायचा, वयानं मोठा एडका धाकट्यावर सोडायचा नाही. किती न्यायानं चालतं बघा, असं मी वहीत टिपूनसुद्धा घेतलं. राजासमोर बीदरकडचा एक एडका होता, त्याचा म्हातारा मालक त्याच्याशी हळू आवाजात कानडीत बोलत होता. दोन्ही एडके आपणहून वीस पावलं मागे सरायचे आणि धावत येऊन कपाळ कपाळावर आपटायचे. जात्याची तळी दगडावर पडावी तसा आवाज. जो मान फिरवतो तो हरला. विसाव्या-बाविसाव्या टकरीला बीदरच्या एडक्यानं मान फिरवली.

नेमकं ते मला टिपता आलं नाही. फोनची जागा भरली होती. मी भराभरा भाचीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ पुसून जागा केली.

शेवटी त्यांच्याकडे एक रीत आहे. पाहुण्याच्या हातात नारळ देतात. पाहुण्यानं तो फोडला की जिंकलेल्या आणि हरलेल्या एडक्याची आणखी एक टक्कर लावायची, पाहुण्याच्या मानाची. न फोडता नारळ परत केला की मैदान संपलं. मध्ये कुणी बोलायचं नाही. हे पंचांनी मला नीट समजावून सांगितलं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

नारळाचं ताट शोभानं आणलं. देताना खाली वाकून म्हणाली, "ताई, त्याचं नाक बघा."

मी बघितलं. राजाच्या नाकातून रक्ताची बारीक धार लागली होती. समोरचा म्हातारा आपल्या एडक्याचे पाय चोळत बसला होता. ट्रॉलीतली माणसं शिट्ट्या मारत होती. माणिक माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, तुमची मर्जी. डोक्याला फेटा होता, हातातल्या फोनमध्ये जागा झाली होती. मी नारळ दगडावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला, टाळ्या पडल्या.

एकच टक्कर झाली. राजाचे पुढचे गुडघे दुमडले आणि तो तोंडावर पडला. मान वेगळ्याच बाजूला गेली होती. शोभानं तोंडावर पाणी मारलं, त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिली. जनावरांच्या डॉक्टरला फोन लागेपर्यंत सगळं संपलं होतं. दहा मिनिटांत रान रिकामं झालं. तिकडे कुस्त्या सुरू झाल्या होत्या. जाता जाता एक जण दुसऱ्याला सांगत होता, आपुन काय केलंय, आपुन तर नुसतं बघायलो होतो.

मी माणिकची माफी मागितली. तो म्हणाला, तुम्हाला काय दोष, तुम्ही पाहुण्या. पंचही तेच म्हणाले. शोभा मात्र मी निघताना गाडीपाशी आली. हातात फुटलेल्या नारळाचं अर्धं होतं.

"दरसाली कुनीतरी पुढारी असतोय, तो फोडतोच," ती म्हणाली. "औंदा मीच ह्यांना म्हनले, ताईंच्या हातात द्या. बाईमानूस हाय, लेकरांना शिकिवती. वाटलं, परत देतील."

तिनं तो अर्धा नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "फोडनाऱ्याचं अर्धं असतंय. घेऊन जा."

परतीच्या वाटेवर अहमदपूरपर्यंत मी स्वतःची वकिली करत होते. मी नसते तर दुसऱ्या कुणी फोडला असता. दोनशे माणसं होती, शिट्ट्या त्यांच्या होत्या. संगीताबाई शेजारच्या सीटवर होत्या. शेवटी मीच विचारलं, तुम्ही तरी मला का नाही अडवलंत? त्या म्हणाल्या, मी घरात बसले की माझं काम झालं, असं मी तीस वर्षं समजत आलेय.

नांदेडला येऊन व्हिडिओ पाहिला. एकोणीस सेकंदांचा आहे. टक्कर लागायच्या आधी अगदी जवळून एका बाईचा आवाज येतो, "हं, होऊ द्या." मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. मैदानात बाया दोनच होत्या, आणि शोभा तर राजाजवळ उभी होती.

उदगीरला जरूर जा, किल्ल्याला पूर्ण दिवस ठेवा. टकरींना जाऊ का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: ते रान आपल्यासाठी भरतं, आपण गेलो नाही तर तिथे दोन एडके नुसते चरत उभे राहतील. नुसतं बघणारा असा तिथे कुणी नसतो.

अर्धा नारळ फ्रिजमध्ये आहे. खाववत नाही आणि टाकवत नाही. शोभाला फोन करायचं मी रोज ठरवते, अजून केलेला नाही.