बारवेतले पणजोबा

"अन् तुमचे पणजोबा तिथंच व्हते!" असं म्हणून अप्पा हातातला कापड मोजायचा गज जमिनीवर आपटत. ज्याच्याकडे बोट गेलं, तो माणूस बसल्या जागी चार बोटं उंच व्हायचा.

अप्पांचं आमच्या गावात कापडाचं दुकान होतं. गाव परभणीला लागून, तरी मी, गावचा शाळामास्तर, आणि अप्पा सोडले तर वाचन मंडळाकडे कुणी फिरकत नसे. मग अप्पांनी दर सोमवारी दुपारी देवळाच्या मंडपात गावच्या इतिहासावर बोलायला सुरुवात केली. विषय एकच, आमची पायऱ्यांची जुनी बारव. ती कुणी खोदली, ते कुठल्याच कागदात नव्हतं. म्हणून अप्पांनी ती गावाकडूनच खोदून घेतली. दर सोमवारी एका नव्या घराचा पणजोबा बारवेत उतरे. या इतिहासात राजा नव्हता, मुकादम नव्हता. सगळ्यांच्या डोक्यावर मातीचं टोपलं, पाटलांच्या पणजोबांच्यासुद्धा!

"अप्पा, येवढे पणजोबे उतरल्यावर पाणी कुठं मावंल?" म्हादू न्हावी विचारी.

"तुझा बाहीर काढू का?"

"नगं, नगं! ऱ्हाऊ द्या!"

मंडप हसून लोळायचा. तुम्ही म्हणाल, हा कसला इतिहास? मीही म्हणालो होतो. अप्पा म्हणाले, "मास्तर, पुरावा तुमी शोधा. तवर माणसं तर जमू द्या."

निजामी राज्यात माणसं जमवायची तर सरकारी इजाजत लागे. आमची होती भजनाची. एका सोमवारी पोलिसांचे अमीनसाहेब अचानक मंडपात येऊन उभे राहिले. इजाजत गेली तर मंडळ बंद, पुस्तकांच्या कपाटाला सील.

"ये भजन है?"

"नईं साब, बारव की बात चलरई. बैठो." पण रंगात आलेले अप्पा एवढ्यावर थांबतात होय? गज आपटलाच. "और आपके परदादा भी वहींच थे!"

मागचे दोघे चपला शोधू लागले.

"क्या कर रहे थे?" साहेबांनी हळूच विचारलं.

निदान घोड्यावर तरी बसवा, असं मी डोळ्यांनी विनवत होतो. म्हादू कुजबुजला, "हुकूम सोडायलते म्हणा, अप्पा!"

अप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "टोपला उठारे थे, साब. मिट्टी का."

"भारी था?"

"बहोत. मगर नीचे नईं रखे."

साहेब आधी गालात हसले, मग खांबाला धरून हसले. "भजन चालू रखो," म्हणाले आणि गेले.

पुढच्या सोमवारी ते पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले. तिला बारव पाहायची होती. एकेक पायरी उतरत तिनं विचारलं, "कौनसी सीढ़ी पे थे वो, भाई?"

अप्पांनी पाण्याजवळच्या एका पायरीला नुसता गज टेकवला. म्हातारी तिथं बसली. तळव्यानं दगड पुसला. "फिर आऊँगी," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दुकान उघडण्याआधी बारवेच्या पायऱ्या झाडू लागले. साहेबांची बदली झाली, तरी झाडत राहिले.

"अप्पा, ती आता कुठली येतेय?"

"बोलून गेली हाय, मास्तर."

अप्पा गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी बारवेवर गेलो. वरच्या पायऱ्यांवर लिंबाचा पाला साचायला लागला होता. पाण्याजवळच्या अजून अप्पांनी झाडल्या तशाच स्वच्छ होत्या.