चादरीत विणलेली तारीख

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर होतं, आणि चादरीची नक्षी काढण्यात माझ्या वडिलांचा हात धरणारा तिथे कोणी नव्हता. हे मी लेक म्हणून सांगत नाही. तसं सांगितलं असतं तरी बिघडलं नसतं म्हणा! आधी चौकटीच्या कागदावर चित्र, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं, आणि ती कार्डं मागावर चढली की चित्र कापडात उतरतं. भोकं पाडायचं काम माझं. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, त्यांना नान्ना म्हणायचो. दाराबाहेर मात्र नान्ना अस्सल सोलापुरी.

सत्तरच्या दशकात एका लहानशा परदेशाचे राष्ट्राध्यक्ष मुंबईला येणार होते, आणि त्यांना भेट द्यायच्या चादरीचं काम आमच्या विणकरांच्या सोसायटीकडे आलं. नान्नांनी मधोमध त्यांच्या देशातलं एक झाड काढलं, भोवती आपली वेलबुट्टी, आणि खालच्या काठावर आगमनाची तारीख. छापलेली नव्हे, विणलेली. चादर द्यायला सोसायटीच्या अध्यक्षांबरोबर नान्नाही जाणार होते. उभ्या जन्मात आपली चादर कोणाच्या हातात पडताना त्यांनी पाहिली नव्हती. माल गाठोड्यांतून निघून जायचा, कुठे ते कोण जाणे.

ऐन वेळी रेडिओवर बातमी आली. वाटेतल्या एका देशाने पाहुण्यांच्या विमानाला आपल्या आकाशातून जायला मनाई केली. आधी परवानगी दिली होती म्हणे, विमान उडाल्यावर काढून घेतली. विमान तिसऱ्याच देशात उतरलं, दोन्हीकडून निषेधाचे खलिते सुटले, आणि राष्ट्राध्यक्ष तिथेच ताटकळत बसले. चादरीवरची तारीख आली आणि गेली. शेवटी समुद्रावरून लांबचा वळसा घालून ते दोन दिवस उशिरा येणार असं ठरलं.

गल्लीत भाजी विकणारी दुधनीकडची मावशी म्हणाली, "आभाळाला बी बांध घातल्यात व्हय? लई शाणी माणसं की!"

हे ठरलं त्याच दिवशी सरकारी कचेरीतले साहेब घरी आले. नवी चादर विणायला वेळ नव्हता.

"तारीख चुकली आहे," ते म्हणाले. "तेवढा काठ कापून टाका."

"चुकली न्हाय साहेब," नान्ना म्हणाले. "पाहुण्यानं त्याच दिवसाचा शब्द दिला हुता. निघाला बी हुता. वाट अडवली दुसऱ्यानं, मग कापड आमी का कापायचं?"

"अहो, वाट अडवणाऱ्या देशाला वाटेल आपण मुद्दाम टोमणा मारला. वरून विचारणा होईल."

"होऊ द्या की."

साहेबांनी जाणाऱ्यांच्या यादीतून नान्नांचं नाव खोडलं. नान्ना तरातरा मागावर निघून गेले. जाता जाता साहेब मला म्हणाले, "निदान तो काठ आत दुमडून शिवा. नाहीतर आम्ही बाजारातली चादर नेतो."

मला नान्नांचा रागच आला. त्यांचं नाक वर राहिलं असतं आणि एवढं देखणं काम ट्रंकेत कुजलं असतं. मी सुई घेतली आणि काठ दुमडला. पण पक्के टाके घालायला हात धजेना. त्या आकड्यांच्या प्रत्येक कार्डाची भोकं मी पाडली होती. लांब लांब कच्चे टाके घातले आणि चादर सोसायटीच्या अध्यक्षांच्या हवाली केली. नान्नांना सांगितलं नाही.

चार दिवसांनी अध्यक्ष मुंबईहून थेट आमच्या घरी आले आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. पाहुण्यांनी चादर हातात घेतली. काठ जाड लागला म्हणून चाचपला. दोरा ओढला तसा सरसर निघून आला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! पाहुणे तारखेकडे बघतच राहिले. मग दुभाष्यामार्फत म्हणाले, "त्या दिवशी मी परक्या विमानतळावर बसून होतो. इथे कोणीतरी मी आलोच असं धरलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं." चादर करणारा कुठे आहे, असंही त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी सांगितलं, सोलापुरात, कामावर.

माझा ऊर भरून आला. नान्ना माझ्याकडेच बघत होते.

"टाके कोणी घातले?"

"मी."

"कच्चे?"

मुद्दाम कच्चे घातले, असं सांगून मोकळी झाले असते. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना. "पक्के घालवेनात," मी म्हणाले.

नान्ना अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "पुढच्या येळंला कुणी इचारलं, चादर करणारा कुटं हाय, तर दोघं हायत म्हणून सांगा."