लिस्बनच्या अर्जावरची सही

आमचं मराठी घर दमणला होतं. माझा जन्म झाला तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. सगळा देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं उलटली तरी आम्ही आपले ताटकळलेलेच. एकसष्टच्या डिसेंबरात सुटलो. त्याआधी घरात तिरंगा दडवला म्हणून पोलिसांनी माझ्या वडिलांना असं बडवलं होतं, की त्यांचा डावा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. जन्मभर ते पंगतीत मांडी घालून बसले नाहीत.

आता मी वसईत, एव्हरशाईन सिटीत लेकीबरोबर राहते. ती नर्स आहे आणि तिला पोर्तुगालला जायचं होतं. मुक्तीच्या आधी दमणला जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला करता येते; मग मुलांनाही तिकडचं नागरिकत्व मिळतं. त्यासाठी माझी सही हवी होती. दोन वर्षं मी ती दिली नाही. ज्यांनी बापाचा गुडघा मोडला, त्यांच्याच दारात अर्ज घेऊन जाऊ?

आमची शेजारीण वसईतलीच, जुन्या ख्रिस्ती घरातली. तिलाही मोह झाला. आडनाव पोर्तुगीज, हातात बाप्तिस्म्याचा दाखला; ठसक्यात गेली माणिकपूरच्या एजंटकडे. तो म्हणाला, "मावशी, मराठ्यांनी वसई घेतली त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. तुमचं नाही जमणार."

परत येऊन ती माझ्यावरच घसरली. "अगं बाय, तुझ्या मराठ्यांनी फारच घाई केली गं!"

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. लेक हसली नाही.

"आपलं आपण ठरवता यावं म्हणूनच आजोबांनी मार खाल्ला ना? मग माझं तू का ठरवतेस?"

मला राग आला. ती खरं बोलली म्हणून जास्तच आला. चार दिवस मी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी स्वतःच रिक्षा थांबवली.

एजंटच्या टेबलावर मी सही केली. एका झटक्यात झाली, याचं मलाच वाईट वाटलं. लेक गळ्यात पडून रडली. "दर वर्षी गणपतीला येईन गं आई."

कागदांना टाचणी लावता लावता एजंट सहज तिला म्हणाला, "येताना व्हिसा लागेल हां मॅडम. तेव्हा तुम्ही इथे फॉरेनर ना!"

तोवर माझी सही करून झाली होती.