लिंबांचा अर्धा वाटा

भाड्यानं घरं लावून देणाऱ्याला आमच्याकडे पूर्वी दलाल म्हणत, आता एजंट म्हणतात. शब्द बदलल्यानं माणूस बदलत असता तर काय पाहिजे होतं! आमच्या एजंटाकडे दोन फोन होते आणि दोन्हींवर तो एकच वाक्य बोलायचा, "पार्टी तयार आहे."

ही अमरावतीतली, अगदी अलीकडची गोष्ट. मी इथल्या एका शाळेत शिकवते. घरात आई आणि मी, दोघीच. वडील गेल्यावर बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावाहून मी तिला इकडे आणलं, तेव्हा तिला थोडंफार दिसायचं. काचबिंदूनं तेही नेलं. डॉक्टरांनी हात टेकले, मी देवाला चार शिव्या घातल्या. आईनं मात्र एवढंच विचारलं, "आता हे घर कसं समजंल मले?"

आणि तिनं ते समजून घेतलं. कसं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून त्याचं नवल ओसरत नाही. सुरुवातीला तिच्या कपाळावर रोज एक नवं टेंगूळ असायचं. मी धरायला धावले की खेकसायची, "सोड मले! पडल्याबिगर रस्ता समजत नाई." घरात तिनं चप्पल घालणंच सोडलं. पुढच्या खोलीत गुळगुळीत टाइल्स, मधल्या खोलीत जुना कोबा, स्वयंपाकघरात थंडगार शहाबादी. पाय सांगतील ते ती ऐकायची. फ्रिजची घुरघूर म्हणजे डावीकडचा कोपरा, अंगणाचा वारा म्हणजे मागचं दार. मागच्या दारापासून अंगणातल्या लिंबोणीपर्यंत मी तिच्यासाठी सुतळी बांधली होती. काही महिन्यांनी त्या सुतळीवर आमचे रुमाल वाळायला लागले, कारण तिला ती लागेनाशी झाली. एकदा शाळेतून आले तर ताटात ज्वारीची भाकरी, फुगलेली, बाजूला ठेचा. मला रडूच फुटलं. तर म्हणे, "काऊन रडून रायली? करपली का?"

म्हणून सांगते, आमच्यासाठी ते घर म्हणजे चार भिंती नव्हत्या, आईचे डोळे होते. ते घर सुटलं असतं तर माझी आई दुसऱ्यांदा आंधळी झाली असती. आणि या वयात पुन्हा पडत-पडत शिकायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिला ते माहीत होतं, मलाही.

करार दर अकरा महिन्यांनी नवा व्हायचा. घराचे मालक म्हणजे एक निवृत्त मास्तर, बायको गेल्यावर अकोल्याला मुलाकडे राहायला गेलेले. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एजंट यायचा, माझी सही नि आईचा अंगठा न्यायचा, त्यांच्या सह्या आणायचा, आपला मेहनताना घ्यायचा. या वेळी मात्र फाल्गुन लागला आणि त्याचं वेगळंच सुरू झालं. मी वर्गात असले की फोन. "मॅडम, मालकाचं प्रेशर आहे." भाडं वाढवून पाहिजे, वर नवं कलम, महिन्याच्या नोटिशीवर घर खाली करायचं. "सोमवारपर्यंत सही करा, नाही तर पार्टी तयार आहे, टोकन घेऊन बसली आहे." मी म्हटलं, मालकांशी बोलते. तर म्हणे, "त्यांना त्रास द्यायचा नाही, तब्येत बरी नसते त्यांची. जे काही आहे ते माझ्याशी." मी आधीच तापट. तो फोन ठेवला की मुलांवर खेकसायची, घरी आले की भांड्यांवर.

आई निवांत. "पाडव्याले बोलू म्हणा त्याले."

पाडव्याचं काय कौतुक? तर आईचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. आमच्याकडे शेत बटईनं देतात, म्हणजे कसणारा कसतो आणि जे पिकेल ते मालक नि कसणारा अर्धं-अर्धं वाटून घेतात. त्याचं बोलणं गुढीपाडव्याला, मालकानं आणि कसणाऱ्यानं समोरासमोर बसून करायचं. मध्ये तिसरा माणूस नाही, आणि उभ्या पिकात कुणी कुणाला उठवायचं नाही. आईनं आमचं भाड्याचं घरही याच हिशेबात बसवलं होतं. आम्ही कसणारे, मास्तर मालक. आणि पीक? अंगणातली ती लिंबोणी!

हसू नका, मीही हसायची. पहिल्याच वर्षी तिनं झाडाची लिंबं उतरवली, चाचपून चाचपून दोन सारखे ढीग केले आणि एक ढीग पिशवीत भरून एजंटाच्या हातात दिला. "मालकाचा वाटा. अकोल्याले पोचता कर बापा." मी म्हटलं, आई, करारात लिंबांचं काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "लिवलं नाई म्हणून का खाऊन टाकू? झाड त्यायचं हाये." तेव्हापासून दरवर्षी एक पिशवी अकोल्याला जायची. एजंटही "हो आजी, हो आजी" करत घेऊन जायचा.

मग एका रविवारी, न सांगता न सवरता, हा बहाद्दर पार्टी घेऊन दारात हजर. नवरा-बायको, नीटनेटकी माणसं, त्यांचा काही दोष नव्हता. पण त्यांना घर मोठं दिसावं म्हणून एजंटानं आमचा टीपॉय मधून उचलून भिंतीकडे सरकवला, स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल इकडचं तिकडे केलं. मी काही म्हणेपर्यंत सगळे अंगणातही जाऊन आले. ते गेले. पण ते गेल्याचं कळायच्या आधीच आई त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली होती, का तर आलेला माणूस तसाच कसा जाईल! ती नेहमीच्या विश्वासानं झपाझप निघाली आणि स्टुलावर आदळली. मनगट सुजून टम्म झालं.

मी पेटले. फोन हातात घेऊन त्या माणसाचा उद्धार करायला बसले होते, की आईनं जमिनीवर बसल्या बसल्याच विचारलं, "तो मालक हाये का?"

"नाही."

"मंग त्याले शिव्या देऊन का फायदा? आपुन मालकाले कधी बोललोच नाई. माणसानं माणसाले बोलावं वं. चाल अकोल्याले."

"आई, मनगट सुजलंय!"

"पायानं जायाचं हाये, मनगटानं नाई."

पत्ता करारावर होताच. बुधवारी रजा टाकली, आईच्या मनगटाला पट्टी बांधली आणि एस.टी.नं निघालो. हिवाळ्यात घातलेल्या लिंबाच्या लोणच्यातली अर्धी बरणी तिच्या मांडीवर. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात भांडणाची तयारी करत होते, कायदा काय, नियम काय. आई शेजारच्या बाईला लोणच्यात गूळ कधी घालायचा ते समजावून सांगत होती.

अकोल्याला मास्तरांच्या मुलाच्या घरी पोचलो. मास्तर गॅलरीत पेपर वाचत बसले होते. उंच, वाळके, पण तब्येत चांगली ठणठणीत. मी माझं भाषण सुरू करणार, तोच आईनं आवाजाच्या दिशेनं बरणी पुढं केली. "रामराम भाऊ. मी अमरावतीच्या घरातली. तुमचा वाटा आणला लिंबाचा."

"कोणत्या लिंबाचा?"

"अंगणातल्या."

मास्तर आमच्याकडे बघतच राहिले. "अहो, ते झाड तर वाळलं ना? मी विचारलं होतं एकदा. त्या एजंटानंच सांगितलं, वाळलं म्हणून."

घ्या! दरवर्षी पिशवी भरून नेणारा, आणि झाड वाळलं! मग एकेक गोष्ट बाहेर आली. भाडं वाढवा असं मास्तर कधी म्हणालेच नव्हते. उलट त्यांना सांगण्यात आलं होतं, की आम्हीच घर सोडून चाललोय म्हणून नवी माणसं बघायला हवीत. नवा भाडेकरू आला की दोन्हीकडून नवा मेहनताना. इकडे मालकाचा धाक, तिकडे आमच्या जाण्याची थाप. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवलं की याचं दुकान चालू.

मास्तरांचा संताप संताप झाला. माझा तर झालाच. आईला हसू आवरेना. "खाल्ले त खाल्ले. लिंबंच होते, काही सोनं नव्हतं. पण पाहा ना भाऊ, जित्या झाडाले मारून टाकलं पोट्ट्यानं!"

मास्तरांनी बरणी उघडली, वास घेतला. म्हणाले, "ते झाड माझ्या बायकोनं लावलं होतं." आईनं चाचपत त्यांच्या खुर्चीचा हात शोधला आणि त्यावर हात ठेवून बसली. माझं कायद्याचं भाषण मनातच राहिलं. निघताना ती म्हणाली, "पाडव्याले या. आपलं बोलणं घरी बसून होऊन जाईल."

पाडव्याला मास्तर खरंच आले. दाराशी गुढी, पानात पुरणपोळी. एजंटालाही त्यांनीच बोलावलं होतं, नवे कागद घेऊन. तो आला तो मान खाली घालून, दोन्ही फोन खिशात. मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नव्हते. आईनं त्याला जेवायला बसवलं, आणि जेवण झाल्यावर एक छोटी बरणी त्याच्या हातात दिली.

"हे तुह्यासाठी. तुह्यामुळंच हे घर भेटलं आमाले, त्याची जाण हाये मले. तुले पाहिजे असंल त दरसाली घेऊन जा. पण मागून नेजो भाऊ. झाडाले वाळवू नको."

त्या माणसाचा चेहरा असा उतरला! मी वर्षभर बोंबलले असते तरी तेवढा उतरला नसता. माझ्या आईसारखं बोलणं मला जन्मात जमायचं नाही, आणि मला त्याचा अभिमानच आहे.

मग मास्तर म्हणाले, जरा घर पाहू का? बायको गेल्यापासून ते इथं आलेच नव्हते. आई उठली. "चाला, दाखवतो."

त्यांचंच घर, आणि दाखवणार आई! ती पुढं, मास्तर मागं. पुढच्या खोलीतून ते मधल्या खोलीच्या दाराशी आले आणि थबकले. त्या खोलीला पूर्वी खिडकी होती, पण शेजाऱ्यानं भिंत उचलली तेव्हापासून तिथं भरदुपारीसुद्धा अंधार असतो. आई सरळ आत गेली. मास्तर उंबऱ्यावरच चाचपडत राहिले.

"बटन उजव्या हाताले हाये," आतून आईचा आवाज आला. "दाबा भाऊ, तुमाले जमणार नाई अंधारात."

मास्तरांनी बटण दाबलं नाही. हळूच म्हणाले, "इथं तिची खाट होती. शेवटी ती याच खोलीत होती."

"मले माहीत हाये."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पायानं. कोब्यात चार खळगे हायेत, खाटीच्या खुरांचे. लई दिवस खाट एकाच जागी असल्याबिगर असे पडत नाई." मग म्हणाली, "मी माही खाट त्याच खळग्यात ठेवली. हाललीच नाई कधी."

मग आईनं हात पुढं केला असावा, कारण मास्तर उंबरा ओलांडून अंधारात गेले आणि "इथं, इथं, सावकाश" एवढंच तिचं बोलणं ऐकू येत राहिलं. मी दारातच उभी होते. माझ्या शेजारी एजंट, हातात बरणी धरून.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते पुसण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी एजंटाकडून कागद घेतले, पेन उघडलं आणि महिन्याच्या नोटिशीचं कलम आडवं खोडलं.

"अकरा महिन्यांचा कागद करावा लागतो, तो दर वेळी करू," ते म्हणाले. "पण घर कधी सोडायचं ते या बाई मला सांगतील. मी त्यांना सांगणार नाही."

आईला एवढं पुरेसं नव्हतं. तिनं विचारलं, "आणि लिंबं?"

"लिंबं न्यायला मी स्वतः येत जाईन," मास्तर म्हणाले, आणि तेव्हा कुठं तिनं अंगठ्याला शाई लावून घ्यायला हात पुढं केला.