निळ्या कागदावर न मावलेल्या दोन ओळी

कासमभायची पत्रं मी लिहायचो. सहा वर्षं लिहिली. कुणी म्हणेल त्यात काय मोठंसं, पण ज्याने दुसऱ्याची पत्रं लिहिली आहेत त्याला विचारा. सांगणारा खाटेवर आडवा होऊन सांगतो, "लिही, इथे सर्व खुशाल," आणि मग अर्धा तास ती खुशालीच संपत नाही. लिहिणाऱ्याच्या हातात असतो एकच निळा हवाई कागद. तीन घड्या, कडेला डिंक. आत चिठ्ठी घालायची नाही, दुसरं पान जोडायचं नाही. कागद भरला की बोलणं संपलं. हे मी खोलीतल्या आठही जणांना हजारदा सांगितलं असेल. ऐकतो कोण.

खोली कुवेतात, शर्क मोहल्ल्यातली, मातीच्या भिंतींची, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. आम्ही नऊजण, सगळे दाभोळच्या खाडीच्या दोन्ही काठांवरचे. मी झहूर, व्हर्नाक्युलर फायनल पास, बोटीच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात कारकून. बाकीचे ड्रायव्हर, स्वयंपाकी, बंदरातले हमाल. त्यामुळे लिहिण्याचं लोढणं कायम माझ्याच गळ्यात. स्वभावाने मी तापट, हे मीच सांगून टाकतो.

कासमभाय आला १९५३ साली. तेव्हा चाळिशीचा असेल. उंच, सुकलेला, आणि चालायचा असा की पाऊल वाजायचं नाही. वाळूत कुणाचं वाजतं म्हणा, पण हा खोलीतही तसाच चालायचा. गावाकडे तो गावाची बंदूक होता. आमच्या खाडीकाठच्या भाताला रानडुकरांचा ताप फार. भात पिकायला आलं की कळप उतरतो, खातो थोडं आणि तुडवतो फार. राखणीसाठी सरकारी परवान्याची ठासणीची बंदूक कासमभायच्या घरात होती. ठासणीची म्हणजे एका वेळी एकच गोळी, दुसरी हवी तर पुन्हा दारू ठासत बसा. तो झाडावर बसे, कुणबीवाडीतली माणसं डुकरं उठवायला खालून हाका घालीत, आणि जनावर आडवं आलं की पुढच्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, मागे गोळी. मारलं की हा उतरून सरळ घरी. मेलेल्याला हात लावायचा नाही. ते कुणबीवाडीतले लोक उचलून नेत, आणि त्या बदल्यात याच्या लावणीला येत.

"आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत," तो हसून म्हणायचा, "आणि सारं घर त्याच्यावरच चालतं."

पण घरात भाऊ दोन, शेत एक, आणि भात शिमग्याच्या पुढे पुरायचं नाही. एकाला बाहेर पडणं भाग होतं. थोरला म्हणून कासमभाय बोटीत बसला. बंदूक धाकट्या सिराजकडे राहिली. सिराज तिशीचा, कामाला वाघ, बायको मुनिरा, दोन मुली. त्याच्या हाताला नेम होता, डोक्याला सबुरी नव्हती. पहिल्याच साली निम्मं भात डुकरांनी नेलं. मुनिरा चार इयत्ता शिकलेली, घरची पत्रं तीच लिही आणि तीच वाचून दाखवी. तिने लिहिलं, असंच चाललं तर शेत सोडावं लागेल. शेत सुटलं तर कासमभायची सुगरा, सिराजची मुनिरा, पोरीबाळी, सगळ्यांनी राहायचं कशावर?

कासमभायच्या मनात एकच. दर दोन वर्षांनी रजा मिळते, ती आश्विन-कार्तिकात घ्यायची, भात उभं असताना गावी असायचं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

तो गाडी चालवायचा पेंडल सायबाची. सायबाला शिकारीचा भारी नाद. कुवेतात वाळूशिवाय काय आहे मारायला, म्हणून हिवाळा लागला की दर शुक्रवारी सरहद्द ओलांडून इराकात, बसऱ्याच्या वरच्या दलदलीत जायचा. तिथे पाण्यात माणसाच्या दुप्पट उंच लव्हाळं, आणि त्यात रानडुकरं, आपल्याकडच्याहून दीडपट. पहिल्या हिवाळ्यातच सायबाने विचारलं, तुझ्या मुलखात शिकार आहे का? या भोळ्याने सगळं सांगितलं. माग कसा काढायचा, वारा कसा धरायचा, सगळं. झालं. सायबाला घरबसल्या शिकारी मिळाला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कासमची रजा बंद. जायचं तर उन्हाळ्यात जा, साहेब विलायतेला जातो तेव्हा. म्हणजे गावी पोचायचं आणि वळचणीखाली बसून पाऊस बघायचा. ज्या कामात माणूस हुशार, त्याच कामाने त्याला बांधून ठेवलं. मला तेव्हाही त्या सायबाचा राग यायचा, आजही येतो.

बंदूक पाठवता येत नाही, माणूस जाऊ शकत नाही. राहिलं पत्र. कासमभाय पत्रातून सिराजला शिकार शिकवायला लागला.

"उंटावरून शेळ्या हाकतोस," मी म्हटलं.

"इथे उंट तरी आहेत," तो म्हणाला. "तू लिही."

मग काय, लिहिलं. आंब्याच्या कुठल्या फांदीवर बसायचं, वारा खाडीवरून आला तर कुठे सरकायचं, दारू किती ठासायची, फऱ्यामागे चार बोटं कुठली. आणि नवल म्हणजे लागू पडायला लागलं. पंचावन्न साली सिराजने दोन मारले, छप्पन्न साली तीन. मुनिराने लिहिलं, तुमचं पत्र आलं की खुशाली राहते बाजूला, हे आधी विचारतात बंदुकीचं काय लिहिलंय, आणि लिहिलं असेल तसंच करतात, तसूभर इकडे तिकडे नाही. ते वाचलं त्या दिवशी कासमभायने खोलीत सगळ्यांना चहा दिला.

सत्तावन्नच्या आश्विनात मुनिराचं पत्र आलं ते वेगळं होतं. एक मोठा नर एकटाच उतरू लागला होता. दोन कुत्रे फाडले, कुंपण तोडलं. सिराजने दोनदा फऱ्यात मारला, दोन्ही वेळा जखमी होऊन जाळीत शिरला आणि आठ दिवसांनी परत आला. उशिरा पिकणारं गरवं भात अजून उभं आहे, त्याने विचारलंय, आता काय करू?

कासमभाय पत्र घेऊन सायबाकडे गेला. एक महिना मागितला. साहेब म्हणाला, उन्हाळ्यात.

त्याच शुक्रवारी दलदलीत सायबाचा नेम चुकला. जनावर नुसतं खरचटलं आणि उलटून सरळ सायबावर आलं. कासमभायच्या हातात सायबाची दुसरी रायफल होती. दहा पावलांवरून, समोरून, दोन डोळ्यांच्या मध्ये. एका गोळीत ते जागेवर बसलं. सायबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. रजा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासमभाय माझ्यासमोर बसला. इतक्या वर्षांत मी त्याला असा फुललेला बघितला नव्हता. सांगत सुटला. लव्हाळं किती उंच, पाणी किती गार, जनावराचे सुळे कसे, साहेब कसा पडला, आणि कसं समोरून मारलं. "लिही, बाजूने मारलेलं जखमी होऊन जातं, समोरून मारलेलं जागेवर पडतं." मी लिहीत गेलो. अर्धा कागद सायबाच्या दलदलीतच बुडाला. मी दोनदा म्हटलं, आटप. मग सुगराला दोन शब्द, मुलींना दोन शब्द. शेवटी तो म्हणाला,

"आणि सिराजला बजावून लिही, हे रायफलीचं झालं. आपल्या ठासणीची गोळी त्याच्या कपाळावरून घसरते. तू झाडावरून उतरू नको, फऱ्यातच मार, आणि कान दिसला तर कानामागे."

माझ्यापाशी चार ओळींची जागा उरली होती. आणि सलाम राहिले होते.

सलामांचं काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पत्र एकाचं असलं तरी खोलीतल्या प्रत्येकाचा सलाम जायला हवा, नावानिशी. गावात पत्र वाचलं जातं तेव्हा शेजारीपाजारी येऊन बसतात, आपल्या माणसाचं नाव ऐकायला. नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे, खोलीत आहे, भांडण नाही. आदल्या साली स्वयंपाकी शमसुद्दीनचा सलाम माझ्याकडून राहिला होता. तिकडे त्याच्या आईने रडून गाव गोळा केलं, इकडे त्याने मला दोन महिने आळणी डाळ घातली. त्यामुळे सलाम गाळणं शक्य नव्हतं. मला ऑफिसात शिल्लक काम होतं, बंदरात पोस्टाची थैली बंद होत होती, डोकं तापलं होतं. मी मनाशी म्हटलं, सिराजला काय ठाऊक नाही? तीन वर्षं फऱ्यात मार, फऱ्यात मार हेच तर लिहितोय. आणि मी कासमभायचा धरून नऊ सलाम लिहिले. बारीक अक्षरात, ओळीने, एकही न चुकता. मग कडेचा डिंक ओला करून चिकटवला.

"लिहिलंस ना?" त्याने विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं.

उत्तर आलं ते मुनिराच्या हातचं नव्हतं, शाळेच्या मास्तरांचं होतं. ते मलाच वाचावं लागलं. सिराज झाडावरून उतरून बांधावर समोर उभा राहिला होता. हाका घालणारे ओरडले, वर चढ. तो म्हणाला, भायचं पत्र आलंय. दहा पावलांवर येऊ दिलं. गोळी कपाळावर लागली, पण जनावर थांबलं नाही. सुळ्याने सिराजच्या मांडीची शीर तुटली. होडीत घालून नेत होते, खाडी ओलांडायच्या आत संपला.

कासमभायने माझ्या हातून पत्र घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण लिहिलं होतं ना, झाडावरून उतरू नको म्हणून?"

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आठजण होते, सगळे माझ्याकडे बघत होते.

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग ऐकलं नाही माझं," तो म्हणाला.

पुढची दोन वर्षं तो हेच सांगत राहिला. गल्लीत, मशिदीच्या पायरीवर, गाडीत. माझ्या भावाने माझं ऐकलं नाही. रडून झाल्यावर त्याला राग आला, आणि तो राग मेलेल्या भावावर. एकदा मुनिराला लिही म्हणाला, त्याने माझं ऐकलं असतं तर तुझ्यावर ही पाळी आली नसती. ती ओळही मी लिहिली नाही. काय तोंडाने लिहिणार? पत्र तर तिच्याचपाशी होतं. त्या जागी मी मुलींची चौकशी लिहिली. घरच्यांनी शेत सोडलं. कुणबीवाडीतले कुणी बंदुकीशिवाय तिथे यायला तयार होईनात. दुसऱ्या पावसात तिथे नुसतं गवत होतं.

अठ्ठावन्न साली तिकडे इराकात राजवट उलथली, आणि सायबाचं दलदलीत जाणं बंद झालं. मग काय, हिवाळ्यात रजाच रजा. एकोणसाठच्या कार्तिकात कासमभायला तीन महिन्यांची रजा मिळाली, न मागता. तो गेला. राखायला काही नव्हतं.

परत आला त्या जुम्म्याला नमाजानंतर आम्ही दोघेच खोलीत होतो. त्याने पेटी उघडून एक निळा कागद काढला. घड्यांवर फाटलेला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"जरा वाच रे," तो म्हणाला.

मी वाचायला लागलो. लव्हाळं, पाणी, सुळे, दोन डोळ्यांच्या मध्ये. सुगराला दोन शब्द, मुलींना दोन शब्द. मग ती जागा आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि सिराजला बजावून सांगतो, हे रायफलीचं झालं, आपल्या ठासणीची गोळी कपाळावरून घसरते, तू झाडावरून उतरू नको, फऱ्यातच मार." अल्लाची शपथ, ठरवून नाही केलं. दोन वर्षं रोज तेच मनात घोकत होतो, तेच बाहेर आलं. मग मी सलाम वाचले. नऊच्या नऊ.

कासमभायने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने जपून त्याची घडी घातली.

"मुनिराने मला चारदा वाचून दाखवलं," तो म्हणाला. "तिच्या वाचण्यात हे एकदाही आलं नाही."

"जागा नव्हती, कासमभाय."

"हां." तो खाली बघत म्हणाला, "ती सांगत होती, सिराजने सलामसुद्धा सगळे ऐकून घेतले. एकेकाचं नाव पुन्हा विचारून. मग बंदूक उतरवली."

ओरडला असता, दोन ठेवून दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्याने पेटी लावली आणि चप्पल घालून बाहेर गेला. पाऊल वाजलं नाही.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. खोली मोडली, शर्कमधली ती गल्लीही पाडली, मी खैतानला राहायला आलो. कासमभाय अजून इथेच आहे, दुसऱ्या कुणाची गाडी चालवतो. दोन्ही घरं त्याच्यावर आहेत, आता परत जाऊन करणार काय? भेटला तर बोलतो, तब्येत विचारतो. पत्रं आता तो कुलाबा जिल्ह्यातल्या अहमद शिंप्याकडून लिहून घेतो. मागच्या ईदला अहमद मला म्हणाला, काय माणूस आहे, कागद कितीही लहान असो, सलाम आधी लिहायला लावतो, आणि पहिला सलाम तुझा.